फुलदाणीमागचा माणूस

नवऱ्याने मुलीला चर्चमधल्या हुतात्मा संतिणीच्या पुतळ्यासमोर गुडघ्यांवर बसवलं आणि प्रार्थना केली, "हिला सुबुद्धी दे. चांगलं स्थळ चालून आलंय, होकार देऊ दे." डोक्यात तिडीक गेली माझ्या. मलाही बापाने इथेच आणलं होतं. मी मुकाट होकार दिला होता. तेव्हापासून दर आठवड्याला हा पुतळा मीच पुसते. पायाशी कायम फुलदाणी का ठेवतात, मला ठाऊक आहे. मी ती उचलून मुलीच्या हातात दिली. मागे तलवार उगारलेला वीतभर दगडी माणूस दिसला. "हा कोण?" मुलीने विचारलं. "हिचा बाप. लग्नाला नाही म्हणाली म्हणून यानेच हिचं मुंडकं उडवलं. आणि वशिला लावायला तुझे बाबा हिच्याच दारात आलेत." नवरा लालबुंद झाला. "फुलदाणी जागेवर ठेव," तो मुलीवर खेकसला. तिने ती छातीशी घट्ट धरली. "नाही."