घरघर

“पाचच मिनिटं गं,” म्हणत जगाला जगायला शिकवणाऱ्या नवऱ्याने तिच्या उशाजवळचं ऑक्सिजनचं मशीन बंद केलं. मशीनची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, ही त्याची रोजची कुरकुर. मग केस सारखे करून तो माइकपुढे मधाळ झाला. “जिवाभावाच्या मित्रांनो, आयुष्य म्हणजे नदी! आयुष्य म्हणजे उत्सव!” नाकातली नळी चाचपत ती मनात म्हणाली, ‘वा रे पोपट!’ उत्सवापाशी अडखळून त्याने पुन्हा नदीपासून सुरुवात केली. तिचा जीव कासावीस झाला, नखं निळी पडली. तिने हात उचलला, तर त्याने डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. तेव्हा कोपरावर रेलून तिनेच बटण दाबलं. जात्यासारखी घरघर सुरू झाली. “अगं, ऐन रंगात आलो होतो!” तो खेकसला. पोटभर श्वास घेऊन ती म्हणाली, “आता सांगा आयुष्य. घरघरही ऐकू द्या लोकांना.”