धारोष्ण दुधाची पैज

ग्लास ज्ञानूआबांच्या ओठाला लागणार, तेवढ्यात संयोगितानं तो काढून घेतला आणि दूध सरळ आपल्या काचेच्या बाटलीत ओतलं.

तालमीशेजारचा हा दूधकट्टा; म्हशी समोरच बांधलेल्या, धार काढायची आणि तिथंच ग्लास हातात द्यायचा. तालमीतून जोर मारून आलेल्या पैलवानांच्या मिशांवर फेस तसाच राहिला.

"बाई, नातीच्या वयाची हाईस म्हणून सोडतो," आबा म्हणाले. "माझ्या तोंडचा ग्लास यमानंबी काढला न्हाय अजून."

"तपासायला नेतेय, आबा. कच्च्या दुधातून काय पोटात जातंय ते कळू दे सगळ्यांना."

आरोग्य आणि आहारावर लिहिणारी संयोगिता एकदा हट्टाला पेटली की आवरायची नाही. पाककृतींच्या पुरवणीत तिनं सुरुवात केली. पुढं तिच्या एका लेखानं अर्ध्या पेठेतल्या भजीवाल्यांना कढईतलं तेल बदलायला लावलं होतं. पण तिचं खरं वैर कच्च्या दुधाशी. मुरगूडला तिच्या भावाला त्यातूनच ताप जडला होता, सांधे धरले होते. तिनं ते सगळं छापून टाकलं, तरी हा कट्टा हलला नाही. गुंडू गवळी म्हशीखाली बसून धार काढायचा, त्याची बायको क्रांती कॅनमधलं दूध उंचावरून ओतून फेसाळ ग्लास हातात द्यायची, आणि आबा एका घोटात म्हशीचं नाव सांगायचे.

"आनि काय न्हाय घावलं तर?" आबांनी विचारलं.

"तर माझ्याच सदरात, माझ्याच नावानं लिहीन, मी चुकले म्हणून."

गुंडू म्हशीखालून मान काढून काहीतरी बोलणार होता. क्रांतीनं डोळे वटारले. दोघं घाबरलेत, हे संयोगितानं बरोबर ओळखलं.

अहवाल आला. दुधात रोगजंतू नव्हते. तिनं न सांगता जाऊन पुन्हा एक ग्लास उचलला, दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला. तिथंही तेच.

संपादक उदयसिंहांनी तिला समजावून पाहिलं. बोलण्याच्या भरात घातलेली पैज कोण लक्षात ठेवतंय, पुढच्या रविवारी नाचणीवर लिहून टाका, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या वर्षांचं नाव एका ग्लासापायी घालवू नका, हेही त्यांनी सांगितलं.

"मी शहराला चुका कबूल करायला लावते, साहेब. आता माझी पाळी आली तर नाचणीमागं लपू?"

एका कट्ट्यावरून शास्त्र बदलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण शब्द दिला होता. रविवारी सदर छापून आलं: या कट्ट्यावरच्या दुधात मला काही सापडलं नाही, इथं मी चुकले.

सोमवारी सकाळी ती स्वतःच कट्ट्यावर गेली. तोंड चुकवणं तिच्या रक्तात नव्हतं. तालमीच्या भिंतीवर तिचा लेख डकवून त्याला झेंडूचा हार घातला होता. तिचा आधीचा लेख वाचून तुटलेली गिऱ्हाइकंही परत आली होती, बायका पोरांना घेऊन रांगेत उभ्या होत्या. आबांनी मोठ्या मनानं तिला बसायला जागा करून दिली आणि पोरीनं शब्द पाळला, असं चारचौघांत सांगितलं.

क्रांतीनं मात्र तिला हाताला धरून म्हशीच्या आड नेलं. तिचे डोळे भरून आले होते.

"लई उपकार झालं, ताई. तुमच्या भावाच्या तापाचं वाचलं आनि माजं काळीजच हाललं बगा. तवापास्नं रोज पहाटं घरात दूध उकळून, साय काढून, कोमट करून त्योच कॅन हितं आनत हुतो. हितली धार नुसती दावायला, ती डेअरीला जायाची. गिऱ्हाइकाला कळलं असतं तर कट्टाच उठला असता, म्हणून ह्यांनाबी बोलू दिलं न्हाय. आता सुटलो. तुमचंच वाचून उकळत हुतो, आज तुमचंच वाचून पयल्यांदा चूल पेटवली न्हाय."