सरकणारे डाग

कॅप्टनने भावाचं तिसरं बोट मोडलं तेव्हा बहीण किंचाळली. उजव्या हाताचं बोट. याच हाताने भाऊ रोज सकाळी दहाला सूर्यावरचे डाग कागदावर उतरवायचा.

"शेवटचं विचारतो," कॅप्टन म्हणाला. "ही ठाणी कुठली?"

वेधशाळेच्या टेबलावर महिन्याभराचे कागद पसरले होते. प्रत्येकावर वीतभर वर्तुळ, वर्तुळात पेन्सिलीचे ठिपके, ठिपक्यांच्या पुंजक्यांना आकडे. शेजारी पोस्टात फोडलेलं पाकीट, त्यावर परदेशचा पत्ता. त्या मोठ्या देशात रात्र असते तेव्हा इथे ऊन असतं. म्हणून एकतीस वर्षं दर महिन्याला हे कागद तिकडे जायचे. तिथल्या विद्वानांना सूर्याचा एकही दिवस चुकवायचा नव्हता, आणि चुकणारे दिवस या टेकडीवरची दोन माणसं भरून द्यायची. आता हे त्या कॅप्टनला कोण समजावणार? कपाळ!

"ठाणी नाहीत हो साहेब," भाऊ कण्हला. "डाग आहेत. सूर्यावरचे डाग."

"अस्सं? मग रोज पुढे कसे सरकतात? बारा तारखेला सात नंबर इथे, सोळाला पार इथे. तुझे डाग काय कवायत करतात?"

"सूर्य स्वतःभोवती फिरतो, साहेब."

दारातला शिपाई फिसकन हसला. कॅप्टन हसला नाही. त्याने करंगळी धरली आणि मागे वाकवली. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. भाऊ गुडघ्यांवर कोसळला.

"थांबा! दाखवते, आत्ता दाखवते!" बहीण दुर्बिणीकडे धावली. घाईत घुमटाची झडप दोनदा निसटली. तिने दुर्बीण सूर्यावर धरली, मागच्या फळीवर कोरा कागद लावला. कागदावर सूर्य उतरला. गोल, फिकट, अगदी गरीब. त्यावर चार पुंजके. भावाने सकाळीच काढलेला कागद तिने शेजारी धरला. हुबेहूब! शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आता सोडतील, असं वाटून तिला रडूच फुटलं.

कॅप्टनने कागदावरच्या डागांवर अंगठा घासला. डाग अंगठ्यावर आले. तो चिडला.

"सिनेमा दाखवतेस मला? कागदावर काय, काहीही पाडाल तुम्ही." त्याने फळी उपटून फेकून दिली. "समोरच्या डोंगरात माणसं आहेत तुमची. मी स्वतः बघतो. आणि ए," तो शिपायाला म्हणाला, "माझं बघून झालं की याला खाली ने आणि भिंतीशी उभा कर."

तो दुर्बिणीशी वाकला.

"साहेब, डोळा नका लावू!" भाऊ जिवाच्या आकांताने ओरडला. "दुर्बीण सूर्यावर आहे, डोळा—"

बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. दोन दात फरशीवर पडले. चार बोटं मोडून घेतली, तरी काळजी कुणाची, तर त्या कॅप्टनच्या डोळ्याची! भाऊ पहिल्यापासून तसाच होता, आणि बहिणीला त्याचा तेव्हा भयंकर राग आला.

"बघितलंस? लपवताहेत," कॅप्टन शिपायाला म्हणाला.

सूर्यावर धरलेल्या दुर्बिणीला डोळा लावला की तो गेलाच, पापणी लवायच्या आत, कायमचा. टेकडीवर येणाऱ्या प्रत्येक शाळेच्या प्रत्येक पोराला हे तिने दटावून सांगितलं होतं. एकतीस वर्षांत एकालाही सांगायला ती चुकली नव्हती. भाऊ रक्ताने भरलेल्या तोंडाने तिच्याकडे बघून मान हलवत होता. सांग ताई, सांग त्याला.

कॅप्टनने उजवा डोळा मिटला आणि डावा भिंगाकडे नेला.

"तो नको साहेब," बहीण म्हणाली. शाळेतल्या पोरांशी बोलायची तशीच, मऊ आवाजात. "नेम धरता ना, तो लावा. त्याने नीट दिसेल."