बोकडाचं कातडं

इबादानच्या बाजारचौकात मत विकण्याविरुद्धच्या गायक-वादकांच्या चळवळीची आज सुरुवात होती, आणि पोलिसांनी माईकच उचलून नेले. “मंचावर कुणी तोंड उघडलं, तर सगळ्यांना आत टाकीन!” इन्स्पेक्टरने बजावलं. लोकांना शपथ द्यायची कशी? ढोलवादक आयानबुन्मीने देवाचं नाव घेऊन बोलका ढोल काखेत धरला. तिच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या याच ढोलावर पुढाऱ्यांचे गोडवे गायले होते. त्याचे चढउतार इथलं शेंबडं पोरही शब्दांसारखे ओळखतं. तिने दोऱ्या आवळल्या, काठी हाणली. ढोल म्हणाला, “मत विकणार नाही!” चौक गरजला, “विकणार नाही!” इन्स्पेक्टर धावत वर आला. “कोण बोललं?” “बोकडाचं कातडं, साहेब. बाकीचा बोकड आम्ही ईदला खाल्ला.” हशा पिकला. चिडून त्याने ढोल हिसकावला. “न्या की साहेब,” आयानबुन्मी म्हणाली, “त्याचं सांगून झालंय.” तो ढोल घेऊन निघाला, आणि त्याच्या मागे ढोलाशिवायच चौक गरजला, “मत विकणार नाही!”