हिरव्या खड्यातले धागे

"सही होणार नाही," बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

समोर खाणीचे नवे मालक बसले होते. दोघांच्या मधे, पांढऱ्या कागदावर, वाटाण्याहून लहान हिरवा गार्नेट पडला होता. गार्नेट म्हटलं की लोकांना डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल खडा आठवतो. हा हिरवा दुर्मीळ. त्याच्या पोटात बारीक सोनेरी धागे असतात, घोड्याच्या शेपटीसारखे पसरलेले. दुसऱ्या रत्नात असं काही दिसलं की भाव पडतो, याचा उलट चढतो. आणि धागे ओळखणाऱ्याला खडा कुठल्या खाणीतला, तेही कळतं.

ही खाण बारा वर्षं बंद होती. मालकांनी तिथे यंत्राने खोल भोक पाडलं आणि हा खडा वर आला. म्हणजे खाली अजून माल आहे, असं त्यांचं म्हणणं. बँकेला संशय, की खडा बाहेरून आणून भोकात टाकला. त्या धंद्यात हे काही नवलाचं नव्हतं. म्हणून बँकेची अट होती, तपासणी बाईंचीच हवी. खाण चालू असताना तिथला एकेक खडा त्यांच्याच भिंगाखालून गेला होता. आता त्यातला एकही गावात उरला नव्हता. जुने खडे होते ते फक्त बाईंच्या डोक्यात.

आणि बाईंच्या शब्दावर कोणी शंका घेत नसे. सख्ख्या बहिणीच्या अंगठीतला खडा त्यांनी सगळ्या सासरच्यांसमोर काच म्हणून सांगितला होता. बहीण दोन वर्षं बोलली नाही. बाईंनीही माफी मागितली नाही.

"वहिनी, मी स्वतः भोकापाशी उभा होतो," मालक म्हणाले. एके काळी ते त्याच खाणीत बाईंच्या नवऱ्याच्या हाताखाली मुकादम होते.

"असाल. आमच्या खाणीतले धागे एका अंगाला वळायचे. हे सरळ उभे आहेत. या, बघा."

मालकांनी भिंगाला डोळा लावला. धागे सरळच होते. खाणीत आयुष्य गेलं तरी भिंगातून खडा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"छत कोसळलं त्याचा राग माझ्यावर काढताय," ते भिंगावरून मान वर करत म्हणाले. "तुमच्या यजमानांसकट नऊ माणसं गेली. मलाही झोप लागली नाही. पण आता नवं यंत्र आहे, नवे खांब आहेत."

"खांब तेव्हाही नवेच होते."

"अर्धं गाव कामाची वाट बघतंय. तुमचा मुलगासुद्धा! त्याचं नाव यादीत पहिलं घातलंय मी."

"माहीत आहे. यादी वाचली मी."

मालक दार आपटून गेले. बाई डगमगल्या नाहीत. सकाळी किराणावाल्याने त्यांना बघून तोंड फिरवलं होतं, तेव्हाही त्या शांतपणे साखर घेऊन आल्या होत्या.

दुपारी मुलगा आला. बसला नाही.

"आई, एक सही. सगळ्या गावाचं भलं होईल."

"खोटं लिहून?"

"तुझा डोळा कधी चुकतच नाही का? बारा वर्षं झाली. विसरली असशील."

"मी?" बाई हसल्या. "तुझी जन्मतारीख विसरेन, ते खडे नाही विसरणार."

"बाबा असते तर त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं असतं."

पोराचे खांदे बापासारखेच रुंद झाले होते, हे बाईंनी त्या क्षणी नीट पाहिलं. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. त्यांनी फक्त मान हलवली.

"मग राहा तुझ्या खड्यांबरोबर. मी शहरात कारखान्यात लागतो. परत बोलावू नकोस."

"नाही बोलवणार. पोचलास की कळव."

तो कळवणार नव्हता. निदान वर्षभर तरी. ते दोघांनाही माहीत होतं. जिन्यावरची त्याची पावलं थांबेपर्यंत बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले, बँकेचा कागद पुढे ओढला आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'नमुना सदर खाणीतला नाही. बाहेरून आणलेला आहे.' खाली पूर्ण सही केली. शिक्का असा दाबून मारला की टेबल हललं.

शाई वाळेपर्यंत त्यांनी दिवा लावून खडा पुन्हा एकदा भिंगाखाली धरला. धागे सरळ उभे होते, त्या खाणीतल्या प्रत्येक खड्यात असायचे तसेच.