करवतकाठी धोतर

रझाकारांच्या धामधुमीत संतराम पैनगंगेपलीकडं निघून गेला, तेव्हा मंजुळा माहेरी होती. ती सासरी परतली त्याच दिवशी नदीत एक प्रेत सापडलं. चेहऱ्यावरून ओळख पटत नव्हती.

"आमचे न्हाईत हे," धोतराकडं बघून ती ठामपणे म्हणाली. "हे साधं हाय. गाव सोडताना ते करवतकाठीच नेसतेत."

"करवतकाठी मतलब?" जमादारानं विचारलं.

"काठावर करवतीवानी दात विणलेले असतेत. माझ्या बापानं लग्नात दिलतं."

लोकांनी बेवारस म्हणून प्रेताला तिथंच मूठमाती दिली. मंजुळा हलक्या पावलांनी घरी आली. सासूनं तिच्या हातात धोतराची घडी ठेवली. काठावर करवतीचे दात होते.

"जपून ठेव, बाई. नदी वलांडताना भिजंल म्हून साधंच नेसून गेला."