टपाला भोक

"अगं, वर्षसुद्धा झालं नाही गाडीला!"

मी टपावर ड्रिल टेकवलं तसे हे ओरडले आणि पाठ करून उभे राहिले. पत्र्याचा चुरा उडाला, भोक पडलं, त्यात अँटेना दिमाखात उभा राहिला. हे फुरंगटून माडीवर गेले, ते सरळ आपल्या सेटपाशी.

हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या परवान्याची, परीक्षा आम्ही दोघांनी एकत्रच दिली होती. पण यांना सगळं टेबलाशी बसून हवं. मला चालत्या गाडीतून बोलायचं होतं! बॅटरीपासून वायर ओढली, गिअरशेजारी माझा सेट बसवला आणि गावामागची टेकडी गाठली.

माइकचं बटण दाबून कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं माझं रेडिओ-नाव, सांगितलं. "ऐकतंय का कुणी?"

साताऱ्याचे एक डॉक्टर बोलले. मग कोल्हापूरची एक कॉलेजकन्यका, मग आणखी दोघं. निरोप घेताना प्रत्येक जण म्हणे, "त्र्याहत्तर." म्हणजे शुभेच्छा, आम्हा रेडिओवाल्यांची ती रीतच. मी स्टिअरिंगवर ठेका धरला.

एवढ्यात ओळखीचा घसा खाकरला. "आवाज खणखणीत येतोय. भोक योग्य जागी पडलंय. पोहे केलेत, लवकर ये. अठ्ठ्याऐंशी."

अठ्ठ्याऐंशी म्हणजे पापा! आणि तोही दोन-दोन जिल्ह्यांच्या कानावर! डॉक्टर खो खो हसत सुटले.

"अहो, त्र्याहत्तर म्हणायचं असतं!" मी किंचाळले.

"माहितीय. परीक्षेत तुझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते मला. अठ्ठ्याऐंशी!"